शिवेवरचे किल्ले

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने एक बेत आखला. नाताळच्या सुट्टीत राजस्थानात जायचे, जोधपूर व जैसलमेर येथील वाळवंटातले किल्ले पाहायचे, तेथील बाजारांतून मोजड्या, रंगीत ओढण्या आणि कळसूत्री बाहुल्या आणायच्या, असा तो बेत होता. जैसलमेरचा किल्ला ११५६ साली रावळ जैसल याने वसवला आणि त्याच्या तटांच्या आत आजही माणसे राहतात, हे मुलांनी कोठूनतरी वाचून ठेवले होते. त्यांचा उत्साह पाहून आम्हांलाही आनंद झाला. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही स्वतः वेदीजवळ उभे राहून सहलीची घोषणा केली. माणशी किती खर्च येईल तो आकडाही वाचून दाखवला. वाचताना आमचा आवाज कोठे अडखळला नाही.

पहिल्या रविवारी एक्केचाळीस नावे आली. दुसऱ्या रविवारपासून ती गळू लागली. कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणाला सुट्टी मिळेना, कोणाच्या आजीची प्रकृती बिघडली. एक माउली मिस्सा संपल्यावर दाराशी थांबली आणि म्हणाली, "फादर, आमच्या मुलीचं नाव तेवढं काढा. तिची परीक्षा आहे." परीक्षा मार्चमध्ये आणि सहल डिसेंबरमध्ये, हे आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही नाव खोडले आणि मुलीला अभ्यासासाठी आशीर्वाद पाठवला.

पुढे आठ-दहा दिवसांनी घरभेटीच्या निमित्ताने आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो. दारूखान्याच्या बाजूला त्यांची एकच खोली आहे. घरधनी गॅसकटर घेऊन लोखंड कापण्याचे काम करतो, रोजंदारीवर. भिंतीवर पवित्र कुटुंबाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी कॅलेंडरातून कापलेले एक चित्र पिठाच्या खळीने चिकटवलेले होते. पिवळ्या दगडाचा तो जैसलमेरचा किल्ला होता. आम्ही त्या चित्राकडे पाहिले, मुलीने आमच्याकडे पाहिले आणि मग खाली पाहिले. परीक्षेचा अर्थ आम्हांला त्या क्षणी कळला. रात्री आम्ही सहलीची वही उघडली. खोडलेली नावे एकोणीस होती. एकोणीसही घरे आमच्या ओळखीची होती, आणि त्यांतल्या कोणाच्याही आजीची प्रकृती बिघडलेली नव्हती.

आमच्या भागातील एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. लहानथोर सारे त्यांना 'टीचर' म्हणतात. त्यांच्यापुढे आम्ही मन मोकळे केले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "फादर, वाळवंटातले किल्ले कुठे पळून जात नाहीत. आपल्या स्टेशनावरून सकाळी निघालो तर संध्याकाळपर्यंत चार किल्ले होतात. तुम्ही त्यांतले किती पाहिलेत?" आम्ही एकही पाहिला नव्हता. राजस्थानची सहल आम्ही युवकांच्या संमतीने पुढे ढकलली आणि यंदा राखेच्या बुधवाराआधीच्या शनिवारी टीचरच्या मागोमाग निघालो. खर्च एवढाच की, गाडीचे तिकीट ज्याने त्याने काढायचे आणि दुपारचा डबा घरून आणायचा. सकाळी सात वाजता रे रोड स्थानकावर त्रेसष्ट माणसे जमली. त्यांत वसईकडची, गोव्याची, मंगळूरची अशी सर्व प्रकारची कुटुंबे होती. दारूखान्याची ती मुलगी आईवडिलांसह आली होती.

टीचरने पहिला पाठ फलाटावरच दिला. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या रस्त्याला आणि मग स्थानकाला मिळाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेवरची आगगाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली, ती याच हार्बर मार्गाने. रुळांच्या पूर्वेस सारी बंदरे : लाकडांचे लकडी बंदर, कौले उतरायची ते कौला बंदर, कोळशाचे कोळसा बंदर. जेथे बंदुकीची दारू ठेवीत तो दारूखाना. जुनी जहाजे येथे मोडली जातात आणि त्यांचे लोखंड, साखळदंड, दोर बाजारात विकले जातात. 'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका २०१४ साली येथेच मोडीत निघाली. त्या वेळी मुलीच्या बापाने प्रथमच तोंड उघडले. जहाजाचा पत्रा कापताना आधी आतला रंग आणि तेल कसे पाहावे लागते, नाहीतर आग कशी लागते, हे त्याने चार वाक्यांत सांगितले. सारे ऐकत राहिले. इतकी वर्षे तो मिस्साला मागच्या बाकावर बसतो. त्याचा आवाज आम्ही त्या दिवशी नीट ऐकला.

पहिला मुक्काम एक स्थानक अलीकडे, डॉकयार्ड रोडला. स्थानकाच्या डोक्यावर भंडारवाड्याची टेकडी आहे. तिच्या पोटात शहराच्या पाण्याचा जलाशय आणि माथ्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. येथे इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता. मुलांनी किल्ला शोधायला सुरुवात केली, पण तेथे एक दगडही उभा नाही. १६८९ साली ईस्ट इंडिया कंपनीचे औरंगजेबाशी वैर जडले असता जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान आपले सैन्य घेऊन शिवडीला उतरला. त्याने माझगाव घेतले आणि इंग्रजांना त्यांच्या मुख्य किल्ल्यात कोंडले. कंपनीने बादशहाची क्षमा मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा १६९० साली सिद्दी बेट सोडून गेला आणि जाताना माझगावचा किल्ला त्याने उद्ध्वस्त केला.

ज्यांचे नाव आज त्या जागेला आहे ते काका बॅप्टिस्टा याच माझगावचे, माथारपाखाडीचे, आपल्याच समाजातले. जन्म १८६४, मृत्यू १९३०. लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष, आणि १९२५-२६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर. पुण्याचे ब्राह्मण टिळक आणि माझगावचे कॅथोलिक बॅप्टिस्टा यांच्या मैत्रीत त्या काळी किती तट आडवे आले असतील! किल्ला गेला, आणि त्याच्या जागी असे तट ओलांडणाऱ्या माणसाचे नाव राहिले. टीचरने यावर काही भाष्य केले नाही. त्यांनी फक्त मुलांना फलकावरचे नाव मोठ्याने वाचायला लावले.

तेथून गाडीने शिवडी. शिवडीशी आमचा परिचय जुना. स्थानकाच्या पश्चिमेस ख्रिस्ती दफनभूमी आहे. १८६०च्या दशकात आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. बोरीबंदरच्या भव्य स्थानकाचे शिल्पकार स्टीव्हन्स तेथे विसावले आहेत, काका बॅप्टिस्टाही तेथेच, आणि आमच्या धर्मग्रामातील किती माणसांना आम्ही स्वतः तेथे पोहोचवले त्याची गणती नाही. पण शिवडीला आम्ही नेहमी पश्चिमेलाच उतरलो. पूर्वेच्या बाजूला पाय ठेवण्याचे कारण कधी पडले नाही. म्हणजे मृतांसाठी आम्ही असंख्य वेळा येथे आलो आणि त्याच स्थानकाच्या दुसऱ्या अंगाला कोण जिवंत माणसे राहतात, हे पाहिले नाही. ही कबुली त्या दिवशी आम्ही मनातल्या मनात दिली. आज येथे लिहून देत आहोत.

पूर्वेस गोदामांमधून वाट जाते, मग चढ लागतो. शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८०च्या सुमारास बांधला. सिद्दीने पहिला घाला घातला तो याच किल्ल्यावर. पुढे त्यात कैदी ठेवले गेले, नंतर पोर्ट ट्रस्टचे गोदाम झाले. आज उंच दगडी भिंती, अंगण, घुमटाकार छताची दालने आणि समोर खाडीचा विस्तीर्ण चिखल एवढे शिल्लक आहे. ओहोटीची वेळ होती. चिखलात हजारो फ्लेमिंगो, ज्यांना मराठीत रोहित म्हणतात, गुलाबी शेतासारखे पसरले होते. त्यांच्या पलीकडे १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू क्षितिजापर्यंत गेला होता. जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा तो पूल शिवडीपासून न्हावाशेव्याकडे जातो.

दालनात सावली होती. तेथे डबे उघडले. एका मुलाने विचारले, "फादर, किल्ल्यात कधी कोणी संत राहिला होता का?" प्रश्न ऐकून आम्हांला सेमिनरीतील दिवस आठवले. आम्ही म्हणालो, "राहिला होता, आणि तोही वाळवंटातल्या किल्ल्यात." इजिप्तचे संत अंतोनी. मंगळवारच्या नोव्हेनात आपण ज्यांचा धावा करतो ते पादुआचे संत अंतोनी वेगळे. हे त्यांच्याही नऊशे वर्षे आधीचे. संत अथानासियस यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. ऐन तारुण्यात आपली जमीन वाटून टाकून ते वाळवंटात गेले आणि नाईल नदीपलीकडच्या एका ओसाड किल्ल्याचे दार आतून बंद करून सुमारे वीस वर्षे एकटे राहिले. लोक वर्षातून दोनदा वरून भाकरी सोडीत. शेवटी त्यांच्या मित्रांना धीर धरवेना. त्यांनी दार मोडले आणि संत अंतोनी बाहेर आले. बाहेर आल्यावर त्यांनी काय केले? दुःखी लोकांचे सांत्वन केले, आजाऱ्यांना दिलासा दिला आणि भांडणाऱ्यांचा समेट घडवला. वीस वर्षांची तपश्चर्या खरी ठरली ती दार मोडल्यानंतर. त्या मुलाने पुन्हा विचारले, "आणि मित्र आलेच नसते तर?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

दुपारी हार्बर मार्गानेच गुरू तेगबहादूर नगर स्थानकावर उतरून आम्ही शीवच्या किल्ल्याकडे चालत गेलो. पायथ्याशी बाग, वर टेकडी, माथ्यावर पडक्या भिंती. गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या कारकिर्दीत १६६९ ते १६७७ या वर्षांत हा किल्ला उभा राहिला. टीचरने विचारले, "शीव म्हणजे काय?" मुलांना स्थानकाचे नाव ठाऊक होते, अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. एका आजीने सांगितले, "शीव म्हणजे गावाची हद्द. आमच्या वसईला शेताची पण शीव असते." बरोबर तेच. येथे इंग्रजांची मुंबई संपत होती आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होत होती.

मग टीचरने हात लांब करून दाखवले : तो कुर्ला, त्या बाजूला वांद्रे, आणि दूर उत्तरेला वसई. "तोफांची तोंडं त्या बाजूला होती. तिकडे कोण राहत होतं?" क्षणभर शांतता पसरली. तिकडे आपलीच माणसे राहत होती. एकच मिस्सा, एकच जपमाळ, एकच बोली. सोयरीक या तीराची त्या तीराशी. आणि मध्ये तोफ. राजे दोन झाले म्हणून शीव पडली. पुढे ती शीव चर्चच्या आतही शिरली. सिद्दीला साहाय्य केल्याचा आरोप ठेवून कंपनीने जेज्विट धर्मगुरूंच्या जमिनी काढून घेतल्या. परळचे त्यांचे मठस्थान पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान झाले आणि १८९९ साली तेथेच डॉ. हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा आली. १७२० साली पोर्तुगीजांच्या बाजूचे धर्मगुरू मुंबईतून घालवले गेले व कार्मेलाईट धर्मगुरूंना आणले गेले. १७९४पासून तर या बेटावरील चर्च दोन अधिकारांत वाटली गेली. एका रस्त्यावरच्या दोन घरांचे बिशप वेगळे असावेत, असा तो दुहेरी कारभार १९२८पर्यंत चालला. भीती गेली, राज्येही गेली, तरी भिंत दोनशे वर्षे उभी राहिली. भिंतीचा स्वभावच असा आहे की, ती बांधणाऱ्याहून अधिक जगते.

चौथा किल्ला धारावीत. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात, कागदोपत्री रिवा किल्ला. मिठी नदीच्या काठी, घरांच्या दाटीत तो सापडायला आम्हांला अर्धा तास लागला. शेवटी दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका ताईने हातातला चिमटा तोंडात धरून बोटाने दिशा दाखवली. भिंतीवर दगडी लेख आहे : गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या आज्ञेवरून १७३७ साली बांधला. ते साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी साष्टीवर चाल करून ठाणे घेतले. दोन वर्षांनी, १७३९ साली, वसई पडली. १७७४ साली साष्टी इंग्रजांनी घेतली आणि या किल्ल्याला राखायला शीवच उरली नाही.

तेथे उभे राहून टीचरने दिवसाचा धागा जोडून दिला. शिवडीला किल्ला होता, तेथून आज अटल सेतू निघतो. शीवला किल्ला होता, त्याच्या पायथ्यापासून गव्हर्नर डंकन यांच्या काळात खाडीवर रस्ता बांधला गेला आणि १८०५ साली तो पुरा झाला. या काळ्या किल्ल्याच्या खाली, मिठी नदी समुद्राला मिळते तेथे, १८४५ साली माहीमचा बांधरस्ता झाला. आपल्या रे रोडलाच पाहा, रुळांवरचा नवा केबलचा पूल २०२५ साली सुरू झाला. "माणसाला जिथे भीती वाटते तिथे तो आधी किल्ला बांधतो," त्या म्हणाल्या, "आणि शहाणपण येतं तेव्हा त्याच जागी पूल बांधतो." माहीमच्या बांधरस्त्याची हकीकत त्यांनी अधिक सांगितली. त्यासाठी लागलेले सुमारे दीड लाख रुपये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिले. त्यांनी सरकारला एकच अट घातली होती : या वाटेवर कोणाकडूनही टोल घेऊ नये.

ही अट ऐकली आणि वही आमच्या डोळ्यांपुढे आली. तिच्यातली एकोणीस खोडलेली नावे दिसली. आम्ही धर्मग्रामात एक सुंदर पूल बांधायला निघालो होतो, तरुणांनी एकत्र प्रवास करावा, एकमेकांना ओळखावे म्हणून. आणि त्या पुलाच्या तोंडाशी आम्हीच नाका उभारला होता. कोणाला आत येऊ नका असे आम्ही म्हटले नाही. फक्त आकडा वाचून दाखवला. ज्यांना परवडत नव्हते ते बिचारे परीक्षा, लग्न, आजारपण अशी कारणे शोधत स्वतःच मागे सरकले, आणि त्यांची लाज राखल्याचे समाधानही आम्हांला मिळाले नाही, कारण आम्हांला काही कळलेच नव्हते. दगडाचा तट निदान दिसतो तरी. हा तट दिसत नाही. तो फक्त बाहेर राहिलेल्यालाच दिसतो.

शेवटचा मुक्काम जवळच, कुंभारवाड्यात. सौराष्ट्रातून आलेली ही कुंभार मंडळी १९३०च्या दशकापासून धारावीत आहेत. अंगणात भट्ट्या, ओट्यांवर वाळत घातलेली मडकी, पणत्यांच्या रांगा आणि दारात चाक. घर, कारखाना आणि दुकान एकाच छपराखाली. सहलीला कारागिरांचा बाजार हवा होता, तो असा हंडी, कुंड्या आणि माठांनी भरलेला समोर होता. एक वयस्क कुंभारकाका चाकावर बसले होते. धारावीच्या पुनर्विकासाविषयी कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "घर मिळेल म्हणतात. भट्टी कुठल्या मजल्यावर पेटवायची ते सांगत नाहीत." आणि चाक फिरवू लागले. यिर्मया संदेष्ट्याला देवाने कुंभाराच्या घरी धाडले होते ते आम्हांला आठवले. बिघडलेले भांडे कुंभार टाकत नाही, त्याच मातीचे पुन्हा घडवतो, हे त्याला तेथे दिसले होते. आमच्यासारख्या बिघडलेल्या भांड्याला तो मोठा धीर वाटला.

दारूखान्याची मुलगी चाकाजवळ जाऊन बसली. काकांनी तिचे हात धरून मातीवर ठेवले. पहिले भांडे कोसळले, दुसरेही. तिसरी वाकडी का होईना, पणती झाली. बापाने ती हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहिली, जसा तो रोज पत्रा पाहत असेल. काका म्हणाले, "कच्ची आहे, भाजून ठेवतो. परत या." आम्ही त्यांना दोनशे पणत्यांची मागणी दिली. यंदा पुनरुत्थानाच्या जागरणविधीत आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक घराच्या हाती कुंभारवाड्याची मातीची पणती असेल. ज्याला जे जमेल ते त्याने पेटीत टाकावे. वही ठेवलेली नाही.

परतीच्या गाडीत मुलांनी राजस्थानचा विषय पुन्हा काढला. त्यांना अजून जायचे आहे, आणि का जाऊ नये? पण या वेळी त्यांनीच ठरवले की, आधी सगळ्यांचे भाडे जमवायचे आणि मग तारीख ठरवायची. नाताळात तारे-कंदील करून विकायचे, रद्दी गोळा करायची, वर्षे दोन लागली तरी चालतील. "एकेचाळीसच्या एकेचाळीस," असे मंडळाचा चिटणीस म्हणाला. कोपऱ्यातून कोणीतरी दुरुस्ती केली, "त्रेसष्ट."

रे रोड आले. अंधार पडला होता. जिन्यावर त्या मुलीच्या आईने आम्हांला गाठले आणि म्हणाली, "फादर, तेव्हा परीक्षेचं मी खोटं बोलले होते. पापनिवेदनाला येईन." आम्ही म्हणालो, "या. पण त्याआधी आम्हांला जायचं आहे."